गॅसची एजन्सी बदलता येते

मागच्या महिन्यात गटांच्या बैठकींना फिरताना एकच प्रश्न चार ठिकाणी निघाला. "मोबाईलची कंपनी बदलतो, तशी गॅसची आणि लाईटची का बदलता येत नाही?" पुरुषमाणसं यावर हसतात, पण प्रश्न अगदी बरोबर आहे. म्हणून आजचं बोलणं त्यावरच.

लाईटचं आधी उरकते, कारण त्यात फार सांगण्यासारखं नाही. आपल्याकडं तार एकच आणि ती महावितरणची. घरगुती ग्राहकाला दुसरा पर्याय नाही. मुंबईच्या उपनगरात मात्र आहे बरं का. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, आणि तेव्हापासून तिथल्या माणसाला टाटाची वीज घ्यायची की तेव्हाच्या रिलायन्सची, म्हणजे आताच्या अदानीची, हे ठरवता येतं. तुमची लेक तिकडं दिली असेल तर तिला विचारा. आपल्या डोंगरावर ते नाही.

गॅसचं तसं नाही. २०१४ च्या जानेवारीत देशातल्या ४८० जिल्ह्यांत गॅसची एजन्सी आणि कंपनीसुद्धा बदलायची सोय सुरू झाली. तिला 'पोर्टेबिलिटी' म्हणतात. इतकी वर्षं झाली, पण आपल्या बायकांना हे कुणी सांगितलंच नाही. एजन्सीवाला स्वतःहून कशाला सांगेल!

आता पहिली गोष्ट समजून घ्या. इंडेन, भारत गॅस आणि एचपी या तिन्ही सरकारी तेल कंपन्या. घरगुती टाकीचा भाव एका बाजारात तिघींचा सारखाच असतो. तेव्हा "दुसरी कंपनी स्वस्त देईल" या आशेनं बदलू नका, एक रुपयाचा फरक पडणार नाही. फरक असतो तो टाकी दारात येते की नाही यात. किती दिवसांत येते, पावतीइतकेच पैसे घेतात की वर काही मागतात, फोन उचलतात का, यात. मोबाईल निवडताना आपण कंपनी बघतो. गॅस निवडताना गाडी कुठवर येते ते बघायचं.

पण बदलायच्या आधी एक खात्री करून घ्या. थंडीत माझ्याकडं सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे "टाकी लवकर संपली, एजन्सी गॅस कमी भरते." कधी कधी ते खरंही असतं. पण आपल्याकडच्या हिवाळ्यात, जेव्हा वेण्णा तलावाकाठचं दव गोठून पांढरं पडतं, तेव्हा टाकीत गॅस असूनही शेगडी मंद होते. टाकीत गॅस पातळ रूपात असतो. त्याची वाफ व्हायला ऊब लागते, ती तो टाकीच्या पत्र्यातून आणि भोवतालच्या हवेतून घेतो. पहाटे हवाच गार, त्यात टाकी फरशीवर ठेवलेली. गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असे दोन घटक असतात. प्रोपेन आधी उडून जातो आणि तळाला ब्युटेन जास्त राहतो. हा ब्युटेन शून्य अंशाच्या जवळपास वाफ व्हायचंच थांबतो. म्हणून शेवटच्या दोन-तीन किलोला ज्योत बारीक होते आणि आपल्याला वाटतं टाकी संपली. ती बाजूला ठेवा, दुपारी ऊन तापल्यावर परत लावून बघा.

मग काही जणी काय करतात, तर टाकी आडवी पाडतात, गरम पाण्याच्या घमेल्यात बसवतात, नाहीतर चुलीजवळ सरकवतात. हे अजिबात करायचं नाही. आडव्या टाकीतून पातळ गॅस थेट नळीत येतो आणि ज्योत एकदम भडकते. टाकी उभीच ठेवायची. फरशी फार गार असेल तर खाली लाकडी पाट द्यायचा, एवढं पुरतं.

गॅस खरंच कमी भरलाय का, हे वजनानं कळतं. टाकीच्या वरच्या कडीखालच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, समजा १५.८ किलो. त्यात १४.२ मिळवा, झाले ३० किलो. भरलेली टाकी तेवढी भरली पाहिजे. टाकी घेऊन येणाऱ्याकडं वजनकाटा असायलाच हवा आणि मागितला तर त्यानं वजन करून दाखवलं पाहिजे. "काटा विसरला" म्हणाला तर टाकी गावातल्या धान्याच्या काट्यावर ठेवा, चार बायका जमवा. तिथंच इंग्रजीत ए, बी, सी किंवा डी असं अक्षर आणि पुढं वर्षाचे दोन आकडे असतात, तेही वाचायला शिका. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असं पुढं. ती टाकीच्या पुढच्या तपासणीची मुदत. मुदत उलटून गेलेली टाकी परत पाठवायची.

आणि टाकी लवकर संपायचं तिसरं कारण आपल्याच घरात असतं, ते म्हणजे अंघोळीचं पाणी. हिशोब सांगते. हिवाळ्यातलं पाणी १५ अंशांचं धरा. वीस लिटरची बादली अंगाला सोसेल इतकी, म्हणजे ४० अंशांवर न्यायची तर ५०० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो गॅसमध्ये सुमारे ११ हजार किलोकॅलरी असतात, पण शेगडीवर त्यातला दोन तृतीयांश भाग भांड्याला लागतो, बाकीचा हवेत जातो. म्हणजे एका बादलीला साधारण ७० ग्रॅम गॅस. घरात चार माणसं असतील तर महिन्याला आठ किलोच्या वर, अर्ध्या टाकीहून जास्त गॅस नुसता न्हाणीत गेला. त्याच बादलीला विजेचा हीटर पाऊण युनिटसुद्धा खात नाही. पण विजेच्या बिलात १०० युनिटच्या पुढं दर दुपटीच्या घरात जातो, त्यामुळं आपलं बिल कुठं बसतं ते आधी बघा. माझं मत विचाराल तर लाकूडफाटा असेल तोवर बंब मोडीत घालू नये. स्वयंपाकाचा धूर गेला पाहिजे, तो आपल्या छातीत जातो. पण बंब अंगणात पेटतो.

हे सगळं तपासलं आणि तरीही एजन्सीच नीट नाही असं ठरलं, तर बदला. आधी चौकशी करायची. शेजारच्या गावात कुणाची गाडी येते, कोणत्या वारी येते, टाकी वाडीपर्यंत येते की फाट्यावरच उतरवतात, हे बाजारात भेटणाऱ्या बायकांना विचारा. कंपनीच्या ॲपवर आणि संकेतस्थळावर एजन्सीला तारे दिलेले असतात, एकापासून पाचापर्यंत. ते बघावेत, पण त्यावर विसंबू नये. ते एजन्सीच्या सगळ्या ग्राहकांचे मिळून असतात. तालुक्याच्या ठिकाणी दुसऱ्या दिवशी टाकी पोचली की तारे मिळतात. शिवसागराच्या पलीकडच्या तीरावर, जिथं टाकी लाँचमधून न्यायची, तिथलं गाऱ्हाणं त्या ताऱ्यात दिसत नाही.

एजन्सी कोणत्या प्रकारची आहे हेही विचारा. २०१६ पासून नव्या एजन्सीचे चार प्रकार आहेत: शहरी, रर्बन, ग्रामीण आणि दुर्गम क्षेत्रीय वितरक. शेवटचा प्रकार डोंगराळ आणि जंगलातल्या गावांसाठीच काढलेला आहे. अशी एजन्सी जवळ असेल तर तिच्याकडं आधी जा.

बदलायची रीत दोन प्रकारची. कंपनी तीच आणि एजन्सी दुसरी, हे सोपं. कंपनीच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर अर्ज करायचा, टाकी आणि रेग्युलेटर घरातच राहतात. मोबाईल जमत नसेल तर सेवा केंद्रातल्या पोराकडून करून घ्या, पण नोंदवलेला नंबर तुमचाच हवा. यादीत फक्त आपल्या भागातल्या एजन्स्या दिसतील, त्याबाहेरची निवडता येत नाही.

कंपनीच बदलायची असेल तर टाकी आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीत जमा करायचे, भरलेली अनामत परत घ्यायची आणि तेवढीच नव्या ठिकाणी भरायची. वेगळी फी नाही. अनामतीचा कागद, ज्याला एजन्सीत 'एसव्ही' म्हणतात, तो लागतो. तो बहुतेक घरांत देवाच्या फोटोमागं नाहीतर ट्रंकेत सापडतो. अर्ज केल्यावर जुन्या एजन्सीचा फोन येऊ शकतो, "ताई, का सोडताय?" म्हणून. तेव्हा खरी तक्रार सांगा. गाडी यायला लागली तर अर्ज मागं घेता येतो. आणि नवी एजन्सी "शेगडी घेतली तरच कनेक्शन" म्हणाली, तर तशी सक्ती करायचा तिला अधिकार नाही.

उज्ज्वलाच्या बायकांनी इथं नीट ऐका. तुमची अनामत सरकारनं भरलेली आहे, ती तुमच्या हातात परत येत नाही. म्हणून टाकी जमा करून मोकळ्या होऊ नका. त्याच कंपनीची दुसरी एजन्सी मिळते का ते बघा. एजन्सी बदलल्यावर पहिल्या टाकीनंतर बँकेचं पुस्तक भरून आणा आणि अनुदान आलंय का ते तपासा. नसेल आलं तर आधारची ई-केवायसी नव्या एजन्सीत परत करून घ्या. कनेक्शन अजून सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असेल, तर या निमित्तानं आपल्या नावावर करायचं बोलून घ्या. राज्याच्या अन्नपूर्णा योजनेतल्या वर्षाच्या तीन टाक्यांना कनेक्शन बाईच्या नावावर असण्याची अट आहे.

आता, ज्यांच्या भागात एकच एजन्सी आहे त्यांनी काय करायचं? आपल्यातल्या बऱ्याच जणींची हीच गत आहे. एकटीनं जाऊन भांडण्यात अर्थ नाही, असं मी अनुभवानं सांगते. एका गावातल्या तीन गटांनी मिळून एजन्सीला लेखी दिलं, की आठवड्यातला एक वार ठरवा, आम्ही टाक्या देवळापाशी एकत्र आणून ठेवतो, गाडी रिकामी जाणार नाही. एजन्सीलाही डिझेलचा हिशोब पटला. आता तिथं गुरुवारी गाडी येते. कुणाला डोक्यावर टाकी न्यावी लागत नाही.

पैशांबाबत एकच नियम: पावतीवर छापलेली रक्कम द्यायची. घरपोच द्यायचा खर्च टाकीच्या भावातच धरलेला असतो. उलट तुम्ही गोदामातून स्वतः टाकी आणली तर बिलातून सूट मिळते, ती मागून घ्या. पावती न देता वर पन्नास मागितले, तर १८०० २३३ ३५५५ या फुकट नंबरवर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. गॅसचा वास आला, गळती झाली तर नंबर वेगळा आहे, १९०६. तो रात्रंदिवस चालतो. आणि मोबाईलवर आलेला डिलिव्हरीचा कोड टाकी हातात पडल्याशिवाय कुणाला सांगू नका. कोड दिला म्हणजे टाकी मिळाली असं कागदोपत्री होतं.

बदल करायचाच असेल तर तो मे महिन्याच्या आत करा. एकदा पाऊस लागला की रस्ते खचतात, गाडी चार-चार दिवस येत नाही आणि लाकूड भिजलेलं असतं. आगोटीच्या आधी आपण मीठ-मिरची भरून ठेवतो, तशी दुसरी टाकीही भरून ठेवा. ज्यांच्याकडं एकच टाकी आहे त्यांनी दुसऱ्या टाकीची अनामत भरायला गटातून अंतर्गत कर्ज घ्यायला हरकत नाही. पाच किलोची छोटी टाकीही मिळते. पलीकडच्या वाड्यांना पायवाटेनं न्यायला ती बरी पडते.

येत्या बैठकीला येताना प्रत्येकीनं गॅसचं पुस्तक, एसव्हीचा कागद आणि शेवटच्या दोन पावत्या आणाव्यात. कुणाची अनामत किती आहे आणि कनेक्शन कुणाच्या नावावर आहे, ते आपण तिथंच वहीत उतरवून घेऊ.