एकविसाव्या दिवशी काय होतं?

काही होत नाही. बाविसाव्या दिवशीही पहाटे साडेपाचचा गजर तितकाच नकोसा वाटतो. मग उत्साहाने पळायला निघालेला माणूस स्वतःलाच बोल लावतो, ‘आपल्यात शिस्तच नाही.’ दोष त्याचा नसतो. ‘सलग २१ दिवस करा, सवय लागते’ असं ज्यांनी त्याला छातीठोकपणे सांगितलं, त्यांचा असतो.

जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या आगेमागे या २१ दिवसांना ऊत येतो. सोसायटीच्या ग्रुपवर ‘२१ दिवस, रोज ५ किलोमीटर’ असं चॅलेंज पडतं, घामेजलेल्या सेल्फ्यांचा रतीब सुरू होतो आणि एक दिवस चुकला की ‘पुन्हा एकपासून मोजा’ अशी शिक्षा. एकवीस मोदक, एकवीस दुर्वा आपल्या अंगवळणी पडलेल्या, त्यामुळे आकडा बिनतक्रार गळी उतरतो. तो आला कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही.

तो आला एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडून. मॅक्सवेल मॉल्ट्झ यांनी १९६०च्या ‘सायको-सायबरनेटिक्स’ या पुस्तकात आपलं एक निरीक्षण नोंदवलं: शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपला नवा चेहरा सरावाचा व्हायला साधारण किमान २१ दिवस लागतात. त्यात पळणं नाही, पहाटे उठणं नाही, प्रयोगही नाही. पुढे प्रेरणादायी वक्त्यांच्या तोंडी ‘किमान’ गळालं, चेहरा गळाला आणि उरला नुसता आकडा.

प्रत्यक्ष मोजमाप केलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. त्यांचा लेख २०१०मध्ये ‘युरोपियन जर्नल ऑफ सोशल सायकॉलॉजी’त आला. ९६ जणांनी खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एकेक नवी सवय निवडली. ती रोज ठरावीक प्रसंगाला जोडून, म्हणजे ‘नाश्त्यानंतर’ किंवा ‘जेवणाआधी’, १२ आठवडे पाळायची होती. कृती आपोआप होऊ लागायला लागलेला काळ मध्यावर धरला तर ६६ दिवस. पण कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असं गणित निघालं. खाण्यापिण्यापेक्षा व्यायामाची सवय जडायला सुमारे दीडपट वेळ गेला. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही! ‘पुन्हा एकपासून’ म्हणणाऱ्यांनी हे वाक्य ग्रुपवर चिकटवावं. (आता कृपा करून ६६ दिवसांचं चॅलेंज काढू नका.)

मग छोटी उद्दिष्टं ठेवायचीच नाहीत का? अवश्य ठेवायची, पण नुसत्या दिवसांची नव्हेत, कामाची. आल्बर्ट बंदुरा आणि डेल शंक यांनी १९८१मध्ये गणितात कच्च्या मुलांना वजाबाकीची ४२ पानं दिली. काहींना सांगितलं, दर बैठकीला सहा पानं करा. काहींना, सात बैठकींत सगळी संपवा. हिशेब एकच, पण सहा पानंवाली मुलं पुढे गेली, वजाबाकीत आणि आत्मविश्वासातही. आपण पुढे सरकतोय हे त्यांना त्याच दिवशी दिसत होतं.

पळण्यात हेच कसं करायचं? ‘काउच टू ५के’ हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम पाहा. जॉश क्लार्क यांनी तो १९९६मध्ये आखला. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालायचं, मग ६० सेकंद सावकाश पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं आलटूनपालटून २० मिनिटं. तेही आठवड्यातून तीनच दिवस. तरण्याताठ्या माणसाला साठ सेकंदांची लाज वाटते, आणि तिथेच घोळ होतो. तो पहिल्याच दिवशी दोन किलोमीटर दामटतो, पोटरी धरून बसतो आणि आठवड्याने बूट माळ्यावर जातात. पळताना शेजारच्याशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे, एवढाच वेग ठेवायचा. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना छोटी उद्दिष्टं ठेवणं कुणी शिकवावं लागत नाही. १६०० मीटरचे ते चारशेचे चार राउंड करतात आणि या आठवड्यात तिसरा राउंड का ढेपाळतो, एवढ्याच्याच मागे लागतात.

बाकीचे समज थोडक्यात. ‘शिस्त म्हणजे रोज पळणं’: नाही, स्नायू आणि हाडं विश्रांतीच्या दिवशीच सावरतात. ‘पहाटेच पळायला हवं’: संध्याकाळी सातला जमत असेल तर सातला पळा, वेळ ठरलेली असली म्हणजे झालं. ‘पळून गुडघे झिजतात’: २०१७मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा खुब्याचा किंवा गुडघ्याचा संधिवात हौशी धावकांत ३.५ टक्के, तर न पळणाऱ्यांत १०.२ टक्के आढळला. स्पर्धेसाठी पळणाऱ्यांत मात्र तो १३.३ टक्के होता. गुडघा आधीच दुखत असेल तर आधी डॉक्टर, मग बूट. आणि मे महिन्यात प्लॅस्टिकचं जाकीट चढवून पळणाऱ्यांनो, घामाने घटतं ते पाण्याचं वजन. दोन तांबे पाणी प्यायलात की काटा पुन्हा जागेवर.