भांड्याला हवा लागते म्हणजे काय?

बोदलकसा हे तिरोडा तालुक्यातले, डोंगरांनी वेढलेल्या तलावाचे गाव. तेथील एखाद्या घरी चिंचेने घासून लख्ख केलेला तांब्याचा गुंड काही दिवसांतच काळवंडतो. ‘हवा लागली’ असे घरातली बाई म्हणते आणि ते अक्षरशः खरे आहे. हा नुसता मळ असता, तर फडक्याने पुसून गेला असता. तो जात नाही. कारण बदल खुद्द धातूतच झालेला असतो. तो कसा, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

तांब्याच्या आतील प्रत्येक अणूभोवती बारा शेजारी असतात. पृष्ठभागावरील अणूची वरची बाजू मात्र उघडी. त्याचे शेजारी कमी. म्हणून तो जोडीदाराच्या शोधात असतो. हवेचा पाचवा हिस्सा प्राणवायूच आहे. त्याचा रेणू तांब्यावर आदळला की दुभंगतो आणि त्याचे अणू तेथे चिकटतात. हवेचा दाब शंभर कोटींनी भागला, तरीही सारा पृष्ठभाग व्यापण्याइतके रेणू सुमारे एका सेकंदात आदळतात! तेव्हा आपल्या हवेत निखळ तांबे दिसणे अशक्यच.

1981 साली झुरिकला बिनिग व रोरर यांनी एकेक अणू दाखविणारे सूक्ष्मदर्शक सिद्ध केले. 1986 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातून पुढे एक नवल दिसले. प्राणवायू तांब्यावर नुसता बसत नाही, तो तांब्यालाच जागचे हलवितो. स्फटिकाच्या पायऱ्यांच्या कडेचे अणू सुटतात, पृष्ठभागावर भटकतात आणि प्राणवायूशी एकाआड एक गुंफून नव्या रांगा रचतात. पाहुणा आला आणि घराची मांडणीच बदलली, असा हा प्रकार! हा थर वाढत गेला की त्याचे ऑक्साइड बनते, आणि चकाकी लोपते.

चिंचेतील आम्ल हे ऑक्साइड विरघळविते. म्हणजे आपण घासून काढतो तो मळ नव्हे, तांबेच होय. पिढ्यान्‌पिढ्या घासलेल्या गुंडाचा पत्रा झिजतो, तो यामुळेही.

ॲल्युमिनियमवर मात्र हाच प्राणवायू घट्ट, अतिसूक्ष्म पापुद्रा धरतो आणि आतील धातू वाचवितो. लोखंडाचा गंज ओलाव्यात भुसभुशीत होऊन सुटतो, पुन्हा नवे लोखंड उघडे पडते. पाहुणा एकच, पण तो राखणदार ठरतो की चोर, हे त्या पापुद्र्यावर अवलंबून. पाण्याकाठच्या लोखंडाला आपण रंग देतो, तो हा राखणदार उसना आणण्यासाठीच.