भंगारातले रॉकेट: दुप्पट उंची, आठपट वजन

नगरच्या परिसरात भंगारातून रॉकेट म्हटले की आधी के. के. रेंज आठवते. लष्कराच्या या सराव क्षेत्रात न फुटलेले गोळे भंगार म्हणून उचलताना माणसे दगावली आहेत. म्हणून तिथला एक तुकडाही नको. तसेही मॉडेल रॉकेटच्या सांगाड्यात धातू चालत नाही. मोटर फुटलीच तर पत्र्याचे तुकडे गोळीसारखे उडतात. मी कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी, खोक्याच्या पातळ प्लायवुडचे पंख आणि जुन्या छत्रीच्या कापडाचे पॅराशूट वापरतो.

खरी अडचण गणिताची आहे. प्रत्येक माप, अगदी जाडीसुद्धा, दुप्पट केले की पृष्ठभाग चौपट आणि वजन आठपट होते. 100 ग्रॅमचे रॉकेट 800 ग्रॅमचे होते. मोटरच्या वर्गांत प्रत्येक अक्षराला आवेगाची मर्यादा दुप्पट होते: ‘ए’ 2.5 न्यूटन-सेकंद, ‘बी’ 5, ‘सी’ 10, ‘डी’ 20. आठपट म्हणजे तीन अक्षरे वर. म्हणून उंची वाढवावी, जाडी नाही.

जड मोटरमुळे गुरुत्वमध्य शेपटीकडे सरकतो. तो हवेच्या दाबाच्या मध्यापुढे निदान नळीच्या एका व्यासाइतका हवा. नाहीतर रॉकेट हवेत कोलांट्या घेत माणसांवर येईल. दिवाळीच्या बाणाला काडी सरळ ठेवते, इथे ते काम पंखांचे. मोटर बसवून, न पेटवता, गुरुत्वमध्याशी दोरी बांधून रॉकेट गरगर फिरवावे. टोक पुढे राहिले नाही, तर नाकात वजन घालावे. दारू मात्र घरी कधीच कुटू नये.