रुळांचे राखणदार



गोव्यात, सिंधुदुर्गात आणि आपल्या बेळगावच्या पश्चिमेकडील खेड्यांत राखणदाराची कल्पना फार जुनी आहे. गावाची शीव राखणारा हा देव रात्री हातात काठी घेऊन फेरी मारतो, वाट चुकलेल्याला वाटेला लावतो, अशी तेथील लोकांची श्रद्धा. तो कोणाला दिसत नाही. दिसावा अशी कोणाची अपेक्षाही नसते. पण त्याची आठवण मात्र नेमाने होते. त्याला नारळ दिला जातो, गाऱ्हाणे घातले जाते. आणि वेताळाच्या काही देवळांतून तर देवाला चामड्याच्या नव्या वहाणा वाहतात. का, तर देव रात्रभर चालतो, तेव्हा त्याच्या वहाणा झिजणारच! श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. परंतु चालणाऱ्याचे उपकार मानायचे, तर आधी त्याच्या पायांचा विचार करायचा, हे जे साधे शहाणपण या रीतीत आहे, ते मला मोलाचे वाटते.

आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, तेही राखणदारच, मात्र हाडामांसाचे. आपण बेळगावहून लोंढ्यामार्गे गोव्यास जातो, ग्वाल्हेर-इंदूरकडची मंडळी दिवाळीस पुण्या-मुंबईकडे येतात, बडोद्याचे व हैदराबादचे आप्त लग्नकार्यास गाडीत बसतात. या सर्व प्रवासात आपल्या पायाखालचे रूळ शाबूत आहेत, हे आपण गृहीत धरलेले असते. तसे ते आहेत, याची खात्री त्या दिवशी कोणीतरी पायी चालून करून घेतलेली असते. भारतीय रेल्वेचा मार्ग सुमारे ६९ हजार किलोमीटर लांबीचा आहे. यंत्रे कितीही आली तरी हा मार्ग अद्याप माणसाच्या पावलांनी मोजला जातो.

रुळांची देखभाल करणाऱ्यांच्या टोळ्या असतात. पूर्वी त्यांना गँगमन म्हणत. अलीकडे कागदोपत्री ‘ट्रॅक मेंटेनर’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. नाव बदलले, खडी, पहार आणि ऊन ही तीच राहिली. टोळीतील एक अनुभवी माणूस कीमन असतो. जुन्या काळी रूळ स्लीपराला घट्ट धरून ठेवण्यासाठी लोखंडी पाचरी ठोकीत. त्या पाचरीला ‘की’ म्हणजे चावी म्हणत, आणि ती रोज ठोकून पाहणारा तो कीमन. आता काँक्रीटचे स्लीपर आले आणि पाचरीच्या जागी पोलादाची वळणदार क्लिप आली. तरी कीमन कीमनच राहिला.

त्याचे काम सांगायला एक वाक्य पुरेसे आहे: आपल्या टापूतील रूळ रोज पाहायचा. एका रुळाच्या कडेने जायचे आणि दुसऱ्याच्या कडेने परतायचे. आता या एका वाक्याचा हिशेब मांडून पाहा. मुख्य मार्गावर एका किलोमीटरमध्ये साधारण १६६० स्लीपर असतात. प्रत्येक स्लीपरावर चार क्लिपा. म्हणजे किलोमीटरला ६६४० झाल्या. कीमनचा टापू सहा किलोमीटरांचा धरला, तर जवळजवळ चाळीस हजार क्लिपांवरून त्याची नजर रोज फिरली पाहिजे. प्रत्येक क्लिप ८५० ते ११०० किलोच्या दाबाने रूळ दाबून धरीत असते. आणि गाड्यांच्या हादऱ्याने ती हळूहळू सरकत असते. एखादी सरकली म्हणून काही बिघडत नाही. पण शेजारशेजारच्या चारसहा सैल झाल्या, की रुळाला हलण्याची संधी मिळते. कीमनच्या खांद्यावर हातोडा, पाना, लाल-हिरवी निशाणे आणि धोक्याचे फटाके असतात. सैल दिसली ती क्लिप ठोकायची, ढिला दिसला तो बोल्ट आवळायचा आणि पुढे चालायचे. यात सांगण्यासारखे नाट्य काही नाही. चाळीस हजारांतील एकोणचाळीस हजारांहून अधिक क्लिपा रोज जागच्या जागीच सापडतात. आणि तरीही उद्या त्या पुन्हा पाहाव्याच लागतात. ज्यात बहुधा काहीच सापडत नाही असे काम वर्षानुवर्षे लक्ष देऊन करीत राहणे, हे मला कोणत्याही धाडसाहून अवघड वाटते.

रूळ म्हणजे निर्जीव लोखंड, ही आपली समजूत तितकीशी खरी नाही. पोलाद उन्हाने वाढते, थंडीने आखडते. एक किलोमीटर लांबीचा रूळ मोकळा ठेवला, तर एका अंश सेल्सिअसला तो सुमारे साडेअकरा मिलीमीटर लांब होईल. ग्वाल्हेरकडच्या श्रोत्यांना त्यांच्याकडची हवा ठाऊकच आहे. पौषातल्या पहाटे पारा दोन-तीन अंशांवर उतरतो, आणि वैशाखात पंचेचाळीस ओलांडतो. उन्हात पडलेला रूळ तर हवेहून पुष्कळच अधिक तापतो. थंडी आणि ऊन यांतील हा फरक साठ अंशांचा धरला, तर तो किलोमीटरभर रूळ सुमारे सत्तर सेंटीमीटर कमी-अधिक व्हायला हवा. परंतु आताचे रूळ एकमेकांना जोडून लांबच लांब केलेले असतात, आणि क्लिपा, स्लीपर व खडी त्यांना जागचे हलू देत नाहीत. वाढण्या-आखडण्याची ती सगळी ओढ रुळाच्या पोटातच राहते. उन्हाळ्यात ती बाहेर पडू पाहते तेव्हा रूळ बाजूला वाकतो. कडाक्याच्या थंडीत ती ताणते तेव्हा एखाद्या सांध्यापाशी रूळ चिरतो. म्हणून उत्तरेकडे हिवाळ्याच्या रात्री गस्त असते. आपण दुलई ओढून घेतो ती वेळ रूळ तुटण्याची, आणि तीच गस्तवाल्याच्या चालण्याची. रुळाच्या आतील सूक्ष्म भेगा शोधणारी ध्वनिलहरींची यंत्रे आता आहेत आणि ती फार उपयोगी आहेत. पण यंत्र ठरलेल्या मुदतीने येते. काल रात्री पडलेली चीर आज पहाटे पाहायला माणूसच लागतो.

पावसाळ्यातील गस्तीची गोष्ट आपल्याला अधिक जवळची. कॅसलरॉकहून कुळ्यास उतरणारा घाट १८८८ मध्ये वाहतुकीस खुला झाला. सदतीस फूट चालीमागे एक फूट उतार, एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस दरी आणि मध्ये दूधसागर. प्रवासी धबधबा पाहण्यासाठी खिडकीशी गर्दी करतात. गस्तवाल्याची नजर मात्र कड्याच्या बाजूस असते, कारण दरड तिकडून येते. याच घाटात २३ जुलै २०२१ रोजी दरड येऊन मंगळूरहून मुंबईस निघालेल्या गाडीचे इंजिन घसरले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. कोकण रेल्वेवर २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ इतके सुदैव नव्हते. दरडीवर आदळून गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर डोंगराला जाळ्या लागल्या, उतार कापले गेले, पावसातील गाड्यांचा वेग उतरला आणि गस्त वाढली. आज पावसाळ्यात त्या मार्गावर शेकडो माणसे रात्रंदिवस चालत असतात.

त्यांतील एकाची रात्र डोळ्यांसमोर आणावी. अंगावर रेनकोट, हातात तिरंगी काचांचा दिवा, पिशवीत फटाके, गळ्यात शिट्टी आणि खिशात गस्तीची वही. एका स्थानकावरून वा चौकीवरून निघून अर्ध्या वाटेत पुढच्या गस्तवाल्यास गाठायचे, वह्यांची अदलाबदल करायची आणि मागे फिरायचे. दोघे खरोखर भेटले याचा ती वही हा पुरावा. समजा, वळणावर दरड आडवी पडलेली दिसली. नियम असा की ६०० मीटरांवर रुळावर एक फटाका लावायचा आणि १२०० मीटरांवर दहा-दहा मीटरांच्या अंतराने तीन. चाक त्यावरून गेले की स्फोटाचा आवाज होतो आणि चालक गाडी थांबवतो. कागदावर हे सोपे आहे. पण मार्ग एकेरी. गाडी कोणत्याही बाजूने येणार. माणूस एकटाच असेल तर त्याने एका बाजूस तांबडा दिवा ठेवायचा, आणि जिकडून गाडी आधी अपेक्षित आहे तिकडे खडीवरून, अंधारात, पावसात सव्वा किलोमीटर धावायचे; मग उलटे फिरून दुसरी बाजू. आता निरोपाची साधने आली आहेत, कोकण रेल्वेमार्गावर ठिकठिकाणी दूरध्वनी जोडण्याची सोय आहे. त्यामुळे तो पूर्वीइतका एकाकी राहिलेला नाही. तरी त्या धावण्याला पर्याय निघालेला नाही.

या माणसांचे आभार मानणे आपल्याला का साधत नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. आपण कृतघ्न आहोत असे मला वाटत नाही. अडचण वेगळीच आहे. उपकार दिसतो तेव्हा आभार सुचतात. वैद्याने ताप उतरवला, शिक्षकाने मुलगा मार्गी लावला. येथे आधीची स्थिती आणि नंतरची स्थिती डोळ्यांसमोर असते. कीमनने आवळलेल्या बोल्टामुळे जो अपघात घडला नाही, त्याची बातमी कोण छापणार? त्याच्या कामाची फलश्रुती एवढीच, की गाडी वेळेवर पोहोचली. आणि ते श्रेय तर आपण वेळापत्रकाला देऊन मोकळे होतो.

रस्ता निर्माण करणाऱ्याला आपण विसरत नाही, हेही खरे. खंडाळ्याच्या घाटाची वाट इंग्रजांना शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली अशी आख्यायिका आहे. जुन्या रस्त्यावर त्याचे देऊळ आहे आणि वाहनचालक तेथे नाणे टाकून पुढे जातात. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे येताच वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम तडीस नेले, हे इतिहासात नमूद आहे. १८६१ च्या सुमारास त्या घाटात चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. त्यांतील एकाचेही नाव आपल्या ओठांवर नाही. कोकण रेल्वे म्हटली की ई. श्रीधरन यांचे नाव निघते, आणि ते निघालेच पाहिजे. पण २६ जानेवारी १९९८ रोजी त्या मार्गावरून सलग वाहतूक सुरू झाली, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती सुरू ठेवण्याचे काम ज्यांच्याकडे आले, त्यांचे काय? मार्ग बांधणे एकदाच होते. तो राखणे रोजचे असते, आणि रोजच्या गोष्टीला उत्सव नसतो.

सत्कार, शाल आणि श्रीफळ हा यावर उपाय आहे असे मला वाटत नाही. गस्तवाल्याने दरड पाहून गाडी थांबवली की त्याला बक्षीस मिळते, ते योग्यच आहे. पण ज्याच्या टापूत वीस वर्षांत काहीच घडले नाही, तो बक्षिसाला कोणत्या दिवशी पात्र होतो? त्याच्या बाबतीत वेताळाच्या भक्तांची रीतच उपयोगी. खडीवर टिकणारा बूट, पाणी आत न येऊ देणारा रेनकोट, पेलवेल इतकेच अवजारांचे ओझे, टापूत उन्हापावसात टेकायला छप्पर. आणि मुख्य म्हणजे मागून येणाऱ्या गाडीची वेळीच सूचना. वाऱ्याची दिशा उलटी असली, वळण असले, की खाली वाकून काम करणाऱ्याला गाडीचा आवाज येत नाही. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ मध्ये रेल्वेच्या सुरक्षिततेविषयी अहवाल दिला; त्यात कामावर असताना मृत्यू पावणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यांचा प्रश्न गांभीर्याने मांडलेला आहे. गाडी जवळ आल्याचा इशारा देणारी ‘रक्षक’ नावाची यंत्रे त्यानंतरच्या काळात देण्यास आरंभ झाला. असे यंत्र शेवटच्या टोळीतील शेवटच्या माणसाच्या दंडावर असावे. या टोळ्यांतून आता स्त्रियाही काम करतात; जंगलातून जाणाऱ्या टापूत त्यांच्या साध्या देहधर्माची सोय काय, हा प्रश्न विचारायलाही आपल्याला संकोच वाटतो.

देहधर्माचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. शंभराहून अधिक वर्षे आपल्या गाड्यांतील शौचकूपांची घाण सरळ रुळांवर पडत होती. डब्याडब्यांतून जैविक शौचालये बसवण्याचे काम २०२० च्या सुमारास बहुतेक पुरे झाले. तोवर हा प्रकार चालू होता. त्या घाणीने क्लिपा आणि रूळ गंजत. आणि त्या गंजलेल्या क्लिपा वाकून, हाताने तपासणारा माणूस कोण, हे आता सांगायला नको. आपण ज्याच्या भरवशावर झोपत होतो, त्याच्याच वाटेवर आपण ही घाण टाकीत होतो, आणि त्याबद्दल खंत वाटल्याचे मी फारसे कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. ती सोय आता झाली आहे. चालत्या गाडीतून बाटली किंवा शिळ्या अन्नाचे पुडके खिडकीबाहेर भिरकावण्याची सवय मात्र अजून गेलेली नाही. ते ज्याच्या अंगावर पडण्याची शक्यता असते, तो माणूस गाडीला वाट देण्यासाठी नुकताच कडेला सरकलेला असतो.

त्या कडेला सरकून उभे राहण्यालाही नियम आहे, आणि तो सांगून मी आपली रजा घेतो. रात्री गाडी येताना दिसली आणि मार्गात धोका नसला, तर गस्तवाल्याने रुळाच्या बाजूस, येणाऱ्या गाडीकडे तोंड करून उभे राहायचे. त्याच्याजवळ क्रमांकाची एक पट्टी असते. दिव्याचा उजेड त्याने त्या पट्टीवर वळवायचा, म्हणजे धावत्या गाडीतून तो क्रमांक वाचता येतो. उजेड चेहऱ्यावर नाही, क्रमांकावर. इंजिन समोरून जाताना एकदा शिट्टी फुंकायची, आणि शेवटचा गार्डाचा डबा जाताना पुन्हा एकदा. पावसाळ्यात रात्रीच्या गाडीने गोव्यास जाताना, झोप लागली नसेल तर, मिटल्या खिडकीच्या काचेतून तो उजेड क्षणभर दिसतो. मग गाडी पुढे जाते, आणि तो माणूस उरलेली वाट चालू लागतो. कारण पुढचा गस्तवाला वही घेऊन वाटेत उभा असतो.