घरगुती पाळणाघराचा दिवसक्रम

शेजारची चार-पाच मुले आपल्या घरी सांभाळणाऱ्या भगिनी पुष्कळदा विचारतात, "वेळापत्रक कसे आखावे?" शाळेच्या घंटेवर चालणारे वेळापत्रक येथे उपयोगी पडत नाही. दीड वर्षाच्या मुलाला झोप येते, तेव्हा चार वर्षांच्या मुलाला खेळावयाचे असते. म्हणून घड्याळापेक्षा क्रम सांभाळावा.

खाणे, झोप व स्वच्छता हे दिवसाचे खांब होत. त्यांचा क्रम सहसा मोडू नये. झोपून उठले, खाऊ खाल्ला, की आई येते, हे उमगलेले मूल निर्धास्त राहते. क्रम रोज बदलला, तर ते दाराकडे पाहून रडत बसते.

दोन खांबांमधील जागा मात्र मोकळी असावी. पाऊस आल्यास अंगणातील खेळ पडवीत आणावा. मोठ्या मुलांना शेंगा सोलावयास किंवा चिंचोके मोजावयास द्यावेत. तान्ह्यांच्या हाती मात्र वाट्या व डबेच द्यावेत, कारण चिंचोका घशात अडकण्याचे भय असते.

ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. व्यवस्था मुलासाठी असते, मूल व्यवस्थेसाठी नव्हे, हाच त्यातील बोध.

रोज सायंकाळी दोन ओळी टिपून ठेवाव्यात: आज काय बदलावे लागले, आणि का? उद्याची आखणी त्यावरूनच करावी.