वाघ दिसला का?

जंगलातून परतलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘वाघ दिसला का?’ चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबाहून मी १९९६ च्या मे महिन्यात परतलो, तेव्हा उत्तर ‘हो’ असे होते. ३६ फोटोंचा अख्खा रोल मी त्या वाघावर संपवला. रोल धुऊन आला तेव्हा दिसला तो गवतातला पिवळा ठिपका, तोही हललेला! पण खरी चुटपुट वेगळीच. सोबत अप्पा होते. ते सारखे म्हणत होते, “अरे, ते तळं बघ की!” आणि मी म्हणत होतो, “अप्पा, थांबा जरा.” अप्पांची ती शेवटची सहल ठरली. आल्बममध्ये ना ते तळे आहे, ना तळे पाहणारे अप्पा.

गेल्या हिवाळ्यात लेकीला घेऊन पुन्हा गेलो, ते त्या तळ्यासाठीच. तिच्या हाती पहिलावहिला कॅमेरा होता. तिला जे सांगितले, तेच तुम्हालाही सांगतो.

पहिली गोष्ट वेळेची. सकाळची फेरी घ्या. सूर्योदयानंतरचा पहिला तास सोन्याचा. ऊन तिरपे पडते, सावल्या लांबतात आणि चित्राला खोली येते. दुपारी ऊन डोक्यावर आले, की तेच जंगल सपाट दिसते.

दुसरी, हात स्थिर ठेवण्याची. जंगलात जिप्सीतून उतरता येत नाही, तेव्हा ट्रायपॉडचा उपयोग नाही. कापडी पिशवीत तांदूळ भरून तोंड शिवून टाका. ती जिप्सीच्या दांडीवर ठेवून वर कॅमेरा टेका आणि चालकाला इंजिन बंद करायला सांगा. जवळचे गवत आणि दूरचे झाड दोन्ही स्पष्ट हवे असेल, तर अ‍ॅपर्चर एफ ८ ते एफ ११ ठेवा. उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवा.

तिसरी, चौकटीची. नवखा माणूस सगळे जंगल एकाच फोटोत कोंबतो आणि हाती येतो हिरवा गोंधळ. एकच गोष्ट निवडा. मोहर्लीहून तळ्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला जुने दगडी खांब आहेत. तसा एखादा खांब पुढे घेतला, की मागचे साग किती उंच ते कळते. आकाश पांढरेफटक असेल तर त्याला थोडीच जागा द्या. पलीकडच्या काठाची रेघ मात्र सरळ हवी, नाहीतर फोटोतले तळे सांडते!

तळ्याशी पोचलो आणि पुढच्या वळणावर वाघ असल्याची कुजबुज सुरू झाली. गाड्या भराभर वळल्या. मी लेकीकडे पाहिले. ती म्हणाली, “बाबा, थांबू या ना. धुकं उठतंय.”

आम्ही थांबलो. तिने चार फोटो काढले. त्यातला एक आता अप्पांच्या तसबिरीशेजारी लावला आहे.

वाघ? नाही दिसला.