त्वचेचा रंग आणि रंगदुरुस्ती : कुष्ठरोगविषयक माहितीपटाच्या संदर्भात

चलचित्र संपादनात दृश्यांची जुळणी पूर्ण झाल्यावर रंगांकडे वळण्याचा प्रघात आहे. या टप्प्याची दोन अंगे मानली जातात. चित्रीकरणात शिरलेला रंगदोष काढून टाकणे ही रंगदुरुस्ती, तर विशिष्ट भाववृत्तीसाठी रंग बदलणे म्हणजे ग्रेडिंग. कथापटात ग्रेडिंगला पुष्कळ मोकळीक असते. आरोग्यविषयक माहितीपटात मात्र साधी रंगदुरुस्तीही प्रेक्षकाची दिशाभूल करू शकते.

पनवेल तालुक्यातील नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे ‘शांतिवन’ आहे. कुष्ठरोगाचे लवकर दिसणारे लक्षण म्हणजे भोवतालच्या त्वचेपेक्षा फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा. बधिरता कॅमेऱ्यात येत नाही. प्रेक्षकाला दिसतो तो केवळ रंगातील फरक. तो पुसला गेला तर माहितीपटाचा हेतूच संपतो, आणि भडक झाला तर आधीच रुजलेल्या भीतीत भर पडते.

नेरे परिसरात पावसाळ्यात चित्रीकरण करताना पहिली अडचण प्रकाशाची येते. ढगाळ आकाशाचा प्रकाश साधारण ६५०० केल्विन किंवा त्याहून अधिक, म्हणजे निळसर असतो. भातखाचरे व झाडी यांवरून परावर्तित झालेली हिरवट झाक चेहऱ्यावर पडते. त्यातच पडवीत पिवळा दिवा लागलेला असला, तर एकाच चेहऱ्याच्या दोन बाजू दोन रंगांच्या दिसतात. अशा वेळी संपूर्ण चौकटीचा व्हाइट बॅलन्स बदलून भागत नाही. मास्क लावून दोन्ही बाजू स्वतंत्रपणे दुरुस्त कराव्या लागतात. चुन्याची भिंत ‘पांढरी’ म्हणून संदर्भास घेण्याचा मोह टाळावा, कारण तिच्यावरही तीच हिरवी झाक असते. रुग्णाच्या चेहऱ्याजवळ क्षणभर धरलेले करडे कार्ड अधिक विश्वसनीय ठरते.

प्रथम वेव्हफॉर्म पाहून उजेड-अंधार सावरावा, नंतर रंगाचा तोल साधावा आणि मगच व्हेक्टरस्कोपवर त्वचा तपासावी. व्हेक्टरस्कोपवर त्वचेसाठी एक रेषा आखलेली असते. गोऱ्या व सावळ्या, दोन्ही त्वचांची रंगछटा साधारणपणे त्याच रेषेच्या आसपास पडते. भेद मुख्यतः तेजस्वितेचा आणि रंगाच्या गडदपणाचा असतो. ही बाब सोयीची असली तरी फसवीही आहे. फिकट चट्टाही बहुधा त्याच रेषेजवळ पडतो. त्यामुळे रेषा जुळली म्हणून चट्टा सुरक्षित राहिला, असे मानता येत नाही.

फिकट चट्टा तेजस्वितेतील फरकावर ओळखू येतो. मध्यम छटा, म्हणजे गॅमा, फार उचलल्यास तो विरळ होतो. त्वचा नितळ करणारे फिल्टर तर त्याला डाग समजून मिटवूनच टाकतात. लालसर चट्ट्याची गोष्ट वेगळी. हिरवी झाक घालवण्यासाठी मॅजेंटा प्रमाणाबाहेर वाढवला की सगळीच त्वचा लालसर होते आणि चट्टा तिच्यात हरवतो. शिवाय अनेक कॅमेरे ४:२:० पद्धतीने नोंद करतात. तीत चार बिंदूंमागे रंगाची माहिती एकदाच साठवली जाते. साहजिकच अशा चट्ट्याची कड मुळातच धूसर उतरते. ती ठळक करण्यासाठी सॅच्युरेशन वाढवण्यापेक्षा जवळून घेतलेले, सम प्रकाशातील दृश्य वापरणे केव्हाही श्रेयस्कर.

उपचारापूर्वीची आणि उपचारानंतरची दृश्ये शेजारी ठेवताना सर्वाधिक दक्षता हवी. बहुविध औषधोपचाराने रोग बरा होतो, तथापि चट्ट्याचा फिकटपणा काही रुग्णांत त्यानंतरही टिकून राहतो. ही दोन दृश्ये वेगवेगळ्या ऋतूंत घेतलेली असल्यास दोहोंवर एकच सेटिंग चिकटवणे निरुपयोगी. प्रत्येकातील करड्या कार्डावरून स्वतंत्र तोल साधून नंतर निरोगी त्वचेचा भाग एकमेकांशी जुळवावा. चट्ट्याला हात लावू नये. तो जसा उरेल तसाच पडद्यावर जावा.